गेमसाठी लिहिलेलं संगीत ऑर्केस्ट्राने वाजवावं का?

"मी एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. पुढच्या कार्यक्रमात व्हिडिओ गेमच्या संगीताची एक मेडली, म्हणजे अनेक धुनांचे तुकडे जोडून केलेली रचना, घ्यावी असं मी सुचवलं. आमचे संचालक माझे गुरूही आहेत. ते म्हणाले, 'ती सजावट आहे, संगीत नव्हे. गेम बंद केला की मागे काही उरत नाही.' मी चिडून म्हणाले की आज मोठमोठे ऑर्केस्ट्रा हे वाजवतात, त्याला पुरस्कार मिळतात. 'तिकिटं खपतात म्हणून वाजवतात,' असं त्यांचं उत्तर. हा वाद सगळ्यांसमोर झाला आणि तेव्हापासून आमच्यात अवघडलेपण आहे. पण मला खरा त्रास वेगळाच होतोय. ती मेडली आम्ही तालमीत एकदा वाजवून पाहिली, तेव्हा गेम खेळताना ज्या धुनेने माझे डोळे भरून आले होते, तीच मला पोकळ वाटली. सरांचं बरोबर आहे का? आणि नसेल, तर त्यांना कसं पटवू?"
— एक व्हायोलावादक

प्रिय व्हायोलावादक,

सरांना कसं पटवायचं ते नंतर बघू. आधी तालमीत जाणवलेल्या त्या पोकळपणाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही. ती मेडली पोकळच वाजली असणार. पण त्यावरून मूळ संगीतच पोकळ ठरवण्याची घाई करू नका.

गेमसाठी लिहिणाऱ्या संगीतकारापुढे एक अडचण असते, ती सिनेमासाठी लिहिणाऱ्यापुढे नसते. खेळणारा माणूस गुहेच्या तोंडाशी दहा सेकंद थांबणार की अर्धा तास, हे त्याला माहीत नसतं. म्हणून रचना अशी लिहावी लागते की ती संपता संपता पुन्हा सुरुवातीला जाऊन मिळेल आणि मध्ये कुठेही 'झालं, संपलं' असं वाटणार नाही. शिवाय ती बऱ्याचदा थराथरांनी लिहितात. सगळं शांत असताना फक्त तंतुवाद्यं, धोका जवळ आला की त्याच लयीत तालवाद्यांचा थर चढतो, झुंज पेटली की ब्रास, म्हणजे ट्रंपेट-हॉर्नसारखी पितळी वाद्यं. हे थर कोणत्या क्षणी चढतील आणि उतरतील हे खेळणाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे ते कुठेही एकमेकांवर पडले तरी जुळले पाहिजेत. साहजिकच स्वरसंगतीला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाला, फार लांब भटकता येत नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी याच अडचणीवर आयम्यूज नावाची प्रणाली तयार केली आणि १९९१ च्या 'मंकी आयलंड २' मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. तुम्ही एका जागेतून दुसऱ्या जागेत शिरलात की धून तुटत नाही, योग्य मात्रेवर वळण घेते. आज हे इतकं सर्रास झालंय की आपलं तिकडे लक्षही जात नाही. ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण करतानाही कित्येकदा तंतुवाद्यं वेगळी आणि ब्रास वेगळं घेतात, ते थर नंतर सुटे करता यावेत म्हणूनच.

आता या संगीताची मेडली करायची म्हणजे काय करतात? प्रत्येक धुनेचा मिनिटभराचा तुकडा उचलतात, दोन तुकड्यांच्या सांध्यावर झांजांचा चढता गजर घालतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जोरात वाजवायचं. ज्या गोष्टीमुळे ते संगीत जिवंत होतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक हालचालीला त्याने दिलेलं उत्तर, ती गोष्ट इथे उरतच नाही. तुमच्या हातात आले ते थर, आणि तेही सगळे एकदम.

'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) हा गेम तुम्ही खेळला असाल तर मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल. त्यात खेळाडू घोड्यावर बसून ओसाड मुलखातून दूरदूर जात राहतो आणि त्या वाटेवर जवळजवळ संगीतच नसतं. टापांचा आवाज, वारा, बस. मग तो महाकाय प्राणी समोर येतो आणि कोव ओतानी यांचा ऑर्केस्ट्रा उठतो. तुम्ही त्या प्राण्याच्या अंगावर चढून वरचढ ठरू लागलात की धून बदलते. त्या वाद्यवृंदाला मोठेपण देणारी लांबलचक शांतता हीसुद्धा रचनेचाच भाग आहे. मैफिलीत निवेदन संपताक्षणी तीच धून वाजवली, तर ऐकणाऱ्याला फक्त मोठा आवाज ऐकू येतो.

पोकळपणाचं आणखी एक कारण आहे, अगदी धंद्यातलं. गेमचं संगीत स्टुडिओसाठी लिहिलेलं असतं, सभागृहासाठी नव्हे. स्टुडिओत खालच्या सप्तकातली एकटी बासरी चार हॉर्नच्या वर ऐकू येऊ शकते, कारण तिच्यासमोर वेगळा मायक्रोफोन असतो. तंतुवाद्यांचा तोच भाग पुन्हा वाजवून आधीच्यावर चढवता येतो, त्याखाली सिंथेसायझरचा एक जाड थर घालता येतो. तुमच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला किती आहेत मला माहीत नाही, पण हौशी मंडळींत त्या नेहमी कमीच असतात. मूळ ध्वनिमुद्रणाची पानं जशीच्या तशी अशा गटापुढे ठेवली की मधला सगळा भाग रिकामा वाजणारच. हा दोष तुमच्या वादनाचाही नाही आणि धुनेचाही नाही. ज्याने मेडली केली त्याने सभागृहासाठी पुन्हा लिहिण्याचं काम केलेलं नाही.

सरांचा मुद्दा आता घेऊ. गेम बंद केला की काही उरत नाही, असं ते म्हणतात. बाहेरच्या कुठल्या तरी कामासाठी लिहिलेलं संगीत त्या कामापुरतंच असतं, असा त्याचा अर्थ. सरांनी आयुष्यात कधी ना कधी संगीतकार ग्रीगचं 'पेअर ग्यून्त' वाजवलं किंवा संचालित केलं असेलच. ते इब्सेनच्या नाटकासाठी लिहिलेलं संगीत आहे, १८७६ साली रंगभूमीवर आलेलं. पण आपण मैफिलीत ऐकतो ते ते नव्हे. ग्रीगने नंतर त्यातले तुकडे निवडले आणि त्यांचा क्रम पार बदलला. १८८८ च्या पहिल्या सूटमध्ये, म्हणजे मैफिलीसाठी निवडक तुकड्यांच्या मालिकेत, सुरुवातीला येते ती पहाट नाटकात चौथ्या अंकात उगवते, आणि शेवटी येणारा डोंगरराजाचा दरबार दुसऱ्या अंकातला आहे. नाटकाचा क्रम त्याने सोडून दिला, कारण नाटक सोबत नसताना कान कुठून कुठे जाईल याचा त्याला नव्याने विचार करावा लागला. प्रोकोफिएव्हनेही १९३८ च्या 'अलेक्सांदर नेव्हस्की' या चित्रपटासाठी लिहिलेलं संगीत १९३९ मध्ये कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची मैफिलीची रचना, म्हणून नव्याने बांधलं.

यावरून गेमचं संगीत ग्रीगच्या तोडीचं आहे असं सिद्ध होत नाही, आणि तसं म्हणायला सरांकडे जाऊही नका. एवढंच दिसतं की जन्म कुठे झाला यावरून संगीताची किंमत ठरत नाही. आणि जे मंचावर टिकलं ते कुणीतरी मंचासाठी पुन्हा लिहिलं म्हणून टिकलं.

गेमच्या बाबतीत हे काम झालेलं आहे, आणि सुरुवातीपासून झालेलं आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा गेम १९८६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी ते संगीत टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये मैफिलीत सादर केलं. पण मला तुम्हाला आवर्जून ऐकायला सांगायचंय ते 'फायनल सिंफनी'. २०१३ च्या मे महिन्यात आधी जर्मनीत वुपरटालला आणि मग लंडनमध्ये बार्बिकन या सभागृहात हा कार्यक्रम झाला. लंडनमध्ये वाजवणारा होता लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. मागे पडदा नाही, गेमची दृश्यं नाहीत, मेडली नाही. योने वाल्टोनेन आणि रॉजर वानामो यांनी 'फायनल फँटसी' मालिकेतल्या धुना घेऊन सातव्या गेमवर तीन भागांची सिंफनी आणि सहाव्यावर सिंफनिक पोएम, म्हणजे वाद्यवृंदाने सांगितलेली एक गोष्ट, रचली. दहाव्या गेमच्या संगीतकारांपैकी एक असलेल्या मासाशी हामाउझू यांनी त्याच गेमच्या संगीतावर पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, केला. त्यातली सिंफनी ऐका. ओळखीची धून पहिल्याच ओळीत हातावर ठेवलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी येते, दुसऱ्या वाद्यात, दुसऱ्या लयीत, आणि जेव्हा पूर्ण येते तेव्हा तिच्यामागे काहीतरी घडून गेलेलं असतं. ज्याने तो गेम कधी पाहिलाही नाही त्यालाही ते घडणं ऐकू येतं.

तुम्ही भांडणात वापरलेले मुद्दे मात्र सोडून द्या. ते खोटे नाहीत. क्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू'ला, म्हणजे २००५ च्या 'सिव्हिलायझेशन ४' च्या शीर्षकगीताला, २०११ मध्ये ग्रॅमी मिळाला आणि तो गेमच्या संगीताला मिळालेला पहिला ग्रॅमी होता. २०२३ पासून गेमच्या संगीतासाठी ग्रॅमीचा वेगळा विभागच आहे. २०२२ च्या बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या संगीत महोत्सवात रॉयल फिलहार्मोनिकने एक अख्खी संध्याकाळ गेमच्या संगीताला दिली. हे सगळं खरं आहे, पण सरांचा प्रश्न संगीतात काय आहे हा होता आणि तुम्ही उत्तर दिलंत ते कोण वाजवतं याचं. त्यांचं तिकिटांचं उत्तरही तसंच बाजूला जाणारं आहे. तिकिटं खपणं हा कुठल्याही रचनेचा ना गुण, ना दोष.

याच कारणाने मला आणखी एक गोष्ट थोडी कडक शब्दांत सांगावीशी वाटते. गेमच्या संगीताची बाजू घेणारे बरेचजण ऑर्केस्ट्रालाच प्रमाणपत्र मानतात. ऐंशी वाद्यं लागली, म्हणजे ते आता खरं संगीत झालं. मला हे मान्य नाही. कोजी कोंदो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारियो ब्रदर्स'साठी लिहिलं तेव्हा तो गेम चालवणाऱ्या यंत्रात एकूण ५ ध्वनिमार्ग, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे वेगवेगळे आवाज, होते: दोन पल्स तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक ध्वनिनमुन्यांसाठी. तीन सुरांच्या वर संगती मांडायला जागाच नव्हती. अशा वेळी प्रत्येक सुराला धुनही सांभाळावी लागते, ठेकाही आणि संगतीचा अर्थही. त्या शिस्तीतून आलेली त्या गेमची मुख्य धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतली, आणि तिथे पोचलेलं ते गेमचं पहिलं संगीत. याउलट आज हाताशी सगळा ऑर्केस्ट्रा असताना लिहिलेलं कितीतरी संगीत खालच्या तंतुवाद्यांत अखंड चालणारा एकच ठोका, वर ब्रासचे लांब सूर आणि त्यावर कोरसचा गजर, एवढ्यावर भागवतं. सर जर असं काही ऐकून बोलत असतील, तर त्या संगीतापुरतं मी त्यांच्या बाजूने आहे.

मग चांगलं कुठलं आणि भागवलेलं कुठलं, हे कसं ओळखायचं? तुमच्याकडे एक साधन आहे, जे बहुतेक श्रोत्यांकडे नसतं. तुमचा स्वतःचा भाग. वरची धून कुणालाही आवडेल. व्हायोलाच्या पानांवर काय लिहिलंय ते बघा. चौसष्ट मात्रा तेच दोन सूर घासायला दिलेत, की मधल्या सुराला कुठे स्वतःचं म्हणणं आहे? धून दुसऱ्यांदा येते तेव्हा तुमच्या ओळीत काही बदलतं का, की नुसतं 'अजून जोरात' असं लिहिलंय? ही कसोटी सगळीकडे लागू पडणार नाही. वॉल्ट्झमध्ये थोरामोठ्यांनीही व्हायोलाला निव्वळ ठेका दिलेला आहे. तरीही लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलंय की वेळ भरून काढलीय, हे मधल्या आवाजांत लवकर कळतं. सरांनाही ते पान बघून कळेल, आणि त्यासाठी त्यांना गेमबद्दल काहीही माहिती असण्याची गरज नाही.

सरांनी एक आक्षेप घेतला नाही, पण तो घेतला जाईल म्हणून सांगते. या संगीतात विस्तार नसतो, एक कल्पना घेऊन तिला वाढवत, मोडत, पुन्हा उभी करत नेणं नसतं, असं म्हणतात. एकेका धुनेपुरतं ते बरंचसं खरं आहे, आणि त्याचं कारण वर आलंच. पण अख्खा गेम एक रचना मानून ऐकलात तर चित्र बदलतं. नोबुओ उएमात्सु यांनी संगीताचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नाही. त्यांच्या 'फायनल फँटसी ६' (१९९४) मध्ये एका पात्राची धून ऑपेराच्या प्रसंगात एरिया, म्हणजे एकल गीत, होऊन येते, आणि शेवटच्या प्रदीर्घ समारोपात सगळ्या पात्रांच्या धुना एकामागोमाग एक गुंफल्या जातात. ऑस्टिन विंटरी यांच्या 'जर्नी' (२०१२) मध्ये सुरुवातीला एकट्या चेलोने मांडलेली धून हेच साऱ्या गेमचं बीज आहे. चेलो म्हणजे खेळणारा प्रवासी आणि भोवतालचा वाद्यवृंद म्हणजे जग, अशी ती मांडणी आहे. दोन तासांत त्या दोघांचं नातं बदलत जातं. हा विस्तारच आहे. तो दहा मिनिटांच्या मापात बसत नाही म्हणून दिसत नाही.

आणि तुमचे डोळे भरून आले त्याबद्दल. त्यात तुम्ही त्या गेममध्ये घालवलेल्या तासांचा वाटा मोठा आहे, ते मान्य करायला कचरू नका. आठवण जागी करणं हे संगीताचं जुनं आणि सन्मानाचं काम आहे. फक्त मैफिलीत समोर बसलेल्या प्रत्येकाकडे ती आठवण नसते. म्हणून रचना निवडण्याआधी ती गेम न खेळलेल्या एखाद्या माणसाला ऐकवा, काहीही न सांगता. तो माणूस शेवटपर्यंत ऐकत राहिला तर ती रचना कार्यक्रमात न्यायला हरकत नाही. तिसऱ्या मिनिटाला त्याने फोन हातात घेतला, तर तुम्हाला प्रिय असूनही ती बाजूला ठेवा.

आता सरांकडे जायचं. तालमीत नको, सगळ्यांसमोर नको. त्यांच्याकडे ज्या वेळी शिकायला जात होतात तशा निवांत वेळी जा. गेमच्या संगीताची एकूण बाजू मांडू नका, कारण 'गेमचं संगीत' हा इतका मोठा ढीग आहे की त्यातून दोघांनाही आपापल्या बाजूचा पुरावा मिळतच राहील. एकच रचना घ्या. आठ-दहा मिनिटांची, अखंड, मंचासाठी नीट लिहिलेली. ध्वनिमुद्रण ऐकवण्याआधी पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र स्वरलेखन, त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'सर, यात कुठे ढिलं आहे ते मला दाखवा.' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा, डाव म्हणून नको. ते दोन जागा दाखवतील, त्यातली एक तुम्हाला पटेलही. तिथून पुढे बोलणं संगीतावर चालेल. आधी ते तुमच्या पिढीवर आणि त्यांच्या पिढीवर चाललं होतं. पहिली मेडली फसली होती, हे आपणहून सांगा. तुमचा कान त्यांनीच घडवलाय आणि तो नीट काम करतोय, हे ऐकून त्यांना बरंच वाटेल.

कार्यक्रमात जागा मागताना ती रचना शेवटी 'गंमत' म्हणून मागू नका. नाटकासाठी लिहिलेल्या एखाद्या सूटच्या शेजारी मागा. ग्रीग चालेल, मेंडेल्सोनचं 'मिडसमर नाइट्स ड्रीम' चालेल. श्रोत्यांना दोन्ही एकाच कानाने ऐकू द्या. मागे पडदा लावू नका, गेमची दृश्यं दाखवू नका.

व्यवहाराचं थोडक्यात: इंटरनेटवर चाहत्यांनी कानाने उतरवलेली स्वरलेखनं पुष्कळ मिळतात. घरी वाजवून बघायला ती ठीक, कार्यक्रमासाठी नाही. संगीताचे हक्क बहुधा गेम कंपनीकडे असतात, आणि मंचावरच्या रूपांतरासाठी वेगळी परवानगी लागते. अधिकृत स्कोअर भाड्याने मिळतो का ते आधी विचारा, कारण उत्तर यायला वेळ लागतो. हार्प, कोरस, चार-पाच तालवाद्यवादक लागणारी रचना असेल तर तीही आत्ताच बाद करा. हार्पचा भाग कीबोर्डवर घेऊन निभावून नेऊ असं ठरवलंत, की पुन्हा तोच पोकळपणा येईल.

सरांनी तरीही नाही म्हटलं तर त्यावर पुन्हा वाद नको. एका कार्यक्रमात काय वाजायचं हे ठरवणं त्यांचं काम आहे. तुमच्यातल्या तिघांना घेऊन स्ट्रिंग क्वार्टेट करा. पाच ध्वनिमार्गांसाठी लिहिलेलं जुनं संगीत चार तंतुवाद्यांवर फार सुंदर बसतं, कारण त्यात एकही सूर फुकट घातलेला नसतो.

आणि हो म्हटलं, तर ती रचना दुसऱ्या कुणाकडे न सोपवता सरांनीच बसवावी असा हट्ट धरा. ज्याला एखाद्या संगीताबद्दल शंका असते, तो त्यातल्या ढिल्या जागा सोडत नाही. दुसऱ्या भागात लय पडते, इथे ओबोला श्वास घ्यायला जागाच नाही, हॉर्न खाली घ्या म्हणजे बासरी ऐकू येईल, हे सगळं तेच पाहतील. या संगीताला मंचावर जे काम करून हवं असतं, ते नेमकं हेच आहे.